किलोत नऊशे ग्रॅम

खरं बोलणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं अप्पांचं मत होतं. एकदा सवय लागली की माणूस त्यातून सुटत नाही, इतकंच. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात दुसऱ्यांचे काटे तपासण्यात घालवली होती. ते बाजारातून चालू लागले की दुकानदार आधी काटा पुसत आणि मग कपाळ. अशा माणसावर म्हातारपणी किराणा दुकानात, भर गर्दीत उभं राहून "किलोत नऊशे ग्रॅम असतात" असं खड्या आवाजात सांगण्याची वेळ यावी, याला दैव म्हणायचं की शिक्षण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सुरुवात साधी होती. दारावरची बेल वाजली आणि दारात तीन मुलं उभी होती.

अप्पांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. सगळी वसाहत तिला बाई म्हणायची, म्हणून अप्पाही बाईच म्हणत. शाळा सोडण्याआधी विज्ञानाची तोंडी परीक्षा द्यावी लागते. बाहेरगावचे परीक्षक येतात, समोर बसवतात आणि विचारतात. लेखी पेपरात पुरवण्यांवर पुरवण्या घेणारी मुलं तिथे स्वतःचं आडनाव विसरतात. म्हणून दर वर्षी परीक्षेआधी बाई दोन-चार मुलांना घरी बोलावून तयारी करून घ्यायच्या. बाई गेल्याला अजून वर्ष व्हायचं होतं. मुलांना येऊ नका असं सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि मुलांनाही न येण्याचं सुचलं नव्हतं.

"आता शिकवणी नसते, बाळांनो," असं सांगायला अप्पा दारात गेले आणि म्हणाले, "चपला आत काढा. बाहेरच्या कुत्रा पळवतो."

हे वाक्य बाईंचं होतं. स्वयंपाकघरात लेकीच्या हातातली भांडी क्षणभर वाजायची थांबली, मग पुन्हा वाजू लागली. मुलं आत आली.

पहिला रेडिओ. एकदा लावला की बंद व्हायचा नाही, आणि मधूनमधून दुसरंच स्टेशन लागायचं. दुसरा परंतु. त्याचं प्रत्येक वाक्य 'परंतु'ने सुरू होई, त्यामुळे आपण काहीतरी चुकीचं बोललो असं समोरच्याला उगाच वाटत राही. तिसरी मुलगी. तिला वर्गात कुजबुज म्हणत, आणि तीही तिची खुशामतच होती, कारण कुजबुज निदान ऐकू तरी येते.

दुसऱ्या दिवशी तिचा मामा आला. कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं.

"साहेब, पोरगी हुशार आहे हो. लेखीत पहिली. पण माणूस समोर बसला की दातखीळ! मागल्या वर्षी परीक्षकांनी नाव विचारलं, तेसुद्धा सांगितलं नाही. नापास केलं. तिला ते प्रयोगशाळेचं शिक्षण घ्यायचंय, तर त्याला हा दाखला लागतो. आता यंदा शेवटचं. नाही जमलं तर माझ्या दुकानात उभी करतो. मशीनशी बोलावं लागत नाही."

"यंदा जमेल," अप्पा उगाच म्हणाले.

"बाईही तेच म्हणाल्या होत्या. शब्द देते म्हणाल्या, पुढच्या वर्षी ही बोलेल." मामा जायला उठला. "तुमच्यावर काही बंधन नाही हो. मी आपलं सांगितलं."

झालं. एखाद्याने शब्द दिला आणि तो पुरा भरला नाही, तर खात्याच्या भाषेत त्याला कमी वजन म्हणतात. ते आपल्याच घरातून गेलेलं अप्पांना चालणार नव्हतं.

त्यांनी तयारी खात्याच्या पद्धतीने सुरू केली. जेवणाचं टेबल भिंतीला आडवं लावलं, निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट पुन्हा घातला, आणि दुकानावर छापा घालावा तशा चेहऱ्याने प्रश्न विचारले. रेडिओ बोलत सुटला. परंतुने आक्षेप घेतले. कुजबुज टेबलाच्या कडेकडे बघत बसली. तिला सगळं येत होतं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, पण डोळ्यांना गुण द्यायची सोय नियमात नव्हती.

घरात काही अडलं की वसाहतीला ते भिंतींतून कळतं. समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडत नाही? माझ्याकडे पाठवा. माझ्यासमोर सगळे उघडतात." वसाहतीचे सेक्रेटरी म्हणाले, "तिला माझी भाषणं ऐकवा. आवाज कसा फेकायचा ते कळेल." सेक्रेटरींची भाषणं ऐकून लोकांना फेकावंसं वाटे हे खरं, पण आवाज नव्हे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तोंडात गोटी धरून बोलायला लावा, असा उपाय सांगितला. तो आधी रेडिओवर करून पाहिला. रेडिओने बोलता बोलता गोटी गिळली आणि बोलणं चालूच ठेवलं. गोटी यथावकाश परत मिळाली. काकूंनी ती परत घेतली नाही.

मग एका दुपारी अप्पांनी विचारलं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?"

"बर्फ थंड असतो ना," रेडिओ म्हणाला, "म्हणून त्याला खाली जायचं नसतं, कारण खाली पाणी आणखी थंड, आणि दुसरं म्हणजे बर्फात हवा भरतात, कारखान्यात, माझ्या आत्याच्या यजमानांनी स्वतः..."

"चूक."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. शब्द कुजबुजच्या दिशेकडून आला होता.

"पाणी गोठताना पसरतं," ती म्हणाली. आवाज चांगला स्वच्छ होता, कोरा, जवळजवळ न वापरलेला. "त्यामुळे बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी होते. हवेचा काही संबंध नाही. आणि आत्याच्या यजमानांचा तर नाहीच."

एवढं बोलून तिला स्वतःचा धाक वाटला असावा, कारण पुढचा तासभर ती पुन्हा टेबलाच्या कडेकडे बघत बसली. पण अप्पांनी निदान केलं होतं. तो रोग त्यांच्या ओळखीचा होता. या मुलीला प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. मात्र चुकीची गोष्ट समोरून बिनबोभाट गेलेली तिला सोसत नव्हती. खुद्द अप्पा एकदा सासुरवाडीच्या लग्नात भटजींच्या तोंडचा मुहूर्त घड्याळ पुढे धरून दुरुस्त करायला उठले होते. बाईंनी कोट धरून खाली बसवलं होतं.

"तिला विचारायचंच नाही," अप्पा लेकीला म्हणाले. "तिच्यासमोर चुकीचं सांगायचं. ठामपणे."

"तुम्ही?" लेक म्हणाली. "अप्पा, तुम्हाला खोटं बोलता येणार नाही. तुमचे कान लाल होतात."

ती म्हणाली ते खरंच होतं. आरशासमोर सराव झाला. "किलोत नऊशे ग्रॅम असतात," अप्पा म्हणाले, आणि लगेच, श्वाससुद्धा न घेता, "असा काही लोकांचा गैरसमज आहे." लेक हसून हसून खाली बसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी तसं हसत होतं, त्यामुळे अप्पांनी आणखी दोनदा मुद्दाम चुकवून दाखवलं. निदान मुद्दाम, असं त्यांनी नंतर सांगितलं.

एकट्याच्या खोट्याने भागणार नव्हतं. परीक्षक परका माणूस असतो, तेव्हा परक्यांनी चुकायला हवं. ठामपणे चुकीचं बोलण्यात वसाहतीला शिकवणीची गरज नव्हती, पण अप्पांनी तिथेही शिस्त आणली. खोटं वजन पकडायचं तर शेजारी खरं वजन हवं. म्हणून ज्याला जी गोष्ट पक्की माहीत आहे त्यानेच ती चुकीची सांगायची, असा नियम त्यांनी काढला. बाकीच्यांनी बोलायचं नाही, कारण मग मुद्दाम चुकलं कोण आणि सवयीने चुकलं कोण, याचा हिशेब लागत नाही. नियम उत्तम होता. फक्त त्याने प्रत्येक जण आपल्याच धंद्यावर धोंडा पाडून घेणार आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी उत्साहाने सुरुवात केली. कुजबुज दवाखान्यावरून जाताना ते दारात येऊन गरजले, "दातात किडा असतो, किडा! तोच दात पोखरतो!"

मुलगी थबकली. तिचे कान तापले. "चूक," ती म्हणाली. "किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दात झिजतो."

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाले आणि वळले. मागे बाकावर गालाला रुमाल लावून बसलेले रुग्ण त्यांच्याकडे बघत होते. दोघे उठून गेले. तिसरे गृहस्थ राहिले, पण त्यांनी अट घातली, "काढाल तेव्हा किडा दाखवा. आणि बाटलीत घालून द्या, घरी दाखवायचाय." त्या गृहस्थांनी पुढे कित्येक दिवस डॉक्टरांकडे किड्याचा तगादा लावला.

मग अप्पांची पाळी. किराणा दुकान गर्दीने भरलेलं. गल्ल्यावरच्या दुकानदाराला अप्पांनी एके काळी काट्याखाली चिकटवलेल्या चिंचोक्यासह पकडलं होतं. त्याला आत घेऊन सगळं समजावलं, तेव्हा तो अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, अवश्य. पण जरा मोठ्याने बोला. मागच्यांनाही ऐकू जायला पाहिजे."

कुजबुज साखर घ्यायला आली. अप्पांनी खाकरून घेतलं. कान लाल झाले होते, पण पर्याय नव्हता.

"किलोत," अप्पा म्हणाले, "नऊशे ग्रॅम असतात."

दुकानदाराने डोळे मिटून घेतले, गाणं ऐकावं तसे.

"हजार!" कुजबुज ओरडली. खरोखर ओरडली. "किलो म्हणजेच हजार, अप्पा! हजार ग्रॅम!"

"परंतु अप्पा खात्यात होते," मागून परंतु म्हणाला. तो तेल घ्यायला आला होता.

"साहेब," दुकानदार हळूच म्हणाला, "हे त्या वेळी म्हणाला असतात तर माझा दंड वाचला असता."

अप्पा मान ताठ ठेवून घरी आले आणि कोट काढून खुंटीला लावला. तो पुन्हा घालायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पण ती ओरडली होती. दुकानाबाहेर रस्त्यावर ऐकू गेलं होतं. झेरॉक्सच्या दुकानातून मामा बाहेर येऊन बघत होता.

त्यानंतरचे दिवस वैभवाचे होते. वायरमन, शिंपी, पाण्याच्या टाकीवरचा माणूस, सगळे चुकू लागले. कुजबुज सकाळी निघाली की दुरुस्त्या करत करत शाळेत पोचे. हे सगळे मुद्दाम चुकतात हे एव्हाना तिला कळलं होतं, तरी चूक कानावर पडली की तिला राहवत नसे. तिची चाल बदलली. मान वर आली. समोरून माणूस येताना दिसला की पूर्वी ती भिंतीला चिकटायची. आता ती त्याच्या तोंडाकडे आशेने बघायची.

माशी शिंकली ती सेक्रेटरींमुळे. त्यांना अप्पांनी मुद्दाम बोलावलं नव्हतं, कारण त्यांना पक्कं माहीत असलेली गोष्ट कोणती, ते सापडत नव्हतं. त्या दिवशी ते फाटकात उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "ऊन कडक, कारण या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. साधी गोष्ट आहे."

"चूक," जाता जाता कुजबुज म्हणाली. "पृथ्वीचा आस कललेला आहे, म्हणून ऋतू होतात. अंतराचा संबंध नाही. पण छान जमलं काका, अगदी खरं वाटलं."

शेवटचं वाक्य सेक्रेटरींना लागलं. ते मनापासून बोलले होते. घरी जाऊन त्यांनी शिक्षण कार्यालयाला तक्रार लिहिली: वसाहतीत संघटितपणे चुकीचं ज्ञान दिलं जात असून बरोबर बोलणाऱ्यास भर फाटकात चूक ठरवलं जात आहे.

कार्यालयातले साहेब आले. पाणी प्याले. मग म्हणाले, "इथे मुलांना चुकीचं शिकवता?"

"हो," अप्पा म्हणाले. खोटं बोलायची हौस त्यांनी नेमक्या कामापुरतीच ठेवली होती.

"परवानगी?"

"चुकीचं शिकवायला परवानगी लागते?"

साहेबांनी विचार केला. "बरोबर शिकवायला लागते. चुकीचं शिकवायचं तर कुठल्या टेबलाकडे जाईल, ते बघावं लागेल. बहुधा दोन टेबलं लागतील."

"परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे."

"मग नाहीच होणार. तोवर बंद ठेवा. तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला वेगळं सांगायला नको."

हे शेवटचं वाक्य साहेब बोलले नसते तर अप्पांनी कदाचित वाट काढली असती. पण ते सरकारी माणूस होते. त्यांनी बंद म्हणजे बंद केलं. डॉक्टर दारात येऊन "दात जिवाणूंमुळे किडतात" असं पडल्या आवाजात म्हणू लागले, वायरमन खरं बोलू लागला, आणि कुजबुज पहिल्यासारखी भिंतीच्या कडेने चालू लागली. अप्पांनी टेबलासमोर बसवून सरळ प्रश्न विचारले. ती टेबलाच्या कडेकडे बघत बसली.

"तिथे कुणी चुकीचं बोलणार नाही," लेक एवढंच म्हणाली. अप्पांना तेच टोचत होतं. बाहेरगावचे परीक्षक नेमके आणि बरोबर प्रश्न विचारणार. अप्पांनी मुलीला एक हत्यार दिलं होतं आणि ते चालवायला तिथे काहीच नसणार होतं.

परीक्षेच्या दिवशी मामाने दुकान बंद ठेवलं नाही. "मी आलो तर तिचं आणखी अवघड व्हायचं," असं म्हणून तो राहिला. अप्पाच तिघांना घेऊन गेले. शाळेच्या लांब व्हरांड्यात खोलीच्या दाराशी शिपाई स्टुलावर बसला होता. दारावरची झडप उघडी होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. रेडिओ आत गेला आणि परीक्षकांनी तीनदा "पुरे" म्हटल्यावर बाहेर आला. परंतु आत गेला. परीक्षकांचा एक प्रश्नच चुकीचा ठरवून आला, आणि वर ते मान्य करून घेऊन आला. मग कुजबुज.

"बस बाळ," आतून आवाज आला. परीक्षक महिला होत्या, आवाज शांत. "दात का किडतात, सांग."

काही नाही. व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी बादली ठेवली ती ऐकू आली.

"घाई नाही. सावकाश."

काही नाही. शिपायाने अप्पांकडे पाहून हळूच मान हलवली. अप्पांच्या मनात आलं, इथेच मोठ्याने काहीतरी चुकीचं ओरडावं, किलोत सातशे ग्रॅम म्हणावं, होईल ते होवो. त्यांनी तोंड उघडलंही. पण ती फसवणूक झाली असती. त्यांनी तोंड मिटलं.

"आमच्या समोर दातांचे डॉक्टर आहेत," आतून आवाज आला. "ते म्हणतात, दातात किडा असतो."

परीक्षकांची खुर्ची करकरली.

"हे साफ चूक आहे," कुजबुज म्हणाली. आणि मग ती सुटली. जिवाणू, साखर, आम्ल, दाताचं आवरण, सगळं ओळीने, खणखणीत. ऋतू का होतात? "आमचे सेक्रेटरी म्हणतात, पृथ्वी सूर्याजवळ येते. तेही चूक." ओल्या हाताने बटण का लावू नये? "आमच्या वायरमनकाकांचं मत वेगळं आहे. पण ऐका." कुणी समोर चुकत नव्हतं, तर ती स्वतःच एकेकाला बोलावून समोर उभं करत होती आणि दुरुस्त करत होती. अख्खी वसाहत त्या खोलीत रांगेने येऊन चुकून जात होती.

"वस्तुमानाचं एकक?"

"किलोग्रॅम. आमचे अप्पा वजनमापांचे निरीक्षक होते. ते म्हणतात, किलोत नऊशे ग्रॅम असतात."

शिपायाने स्टुलावरून सावकाश वळून अप्पांकडे पाहिलं. "तुम्हीच का ते?"

"मीच," अप्पा म्हणाले. कान लाल झाले होते. छाती मात्र पुढे आली होती, आणि ती मागे घ्यावी असं त्यांना वाटत नव्हतं.

शेवटी परीक्षकांचा आवाज आला, "बाळ, तुझ्या आजूबाजूला राहतात तरी कोण?"

"चांगली माणसं आहेत," कुजबुज म्हणाली.

निकाल लागला त्या दिवशी ती फाटकातूनच ओरडत आली. "अप्पा! पास झाले!" तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. मामा दुकान तसंच टाकून मागून धावत आला होता आणि त्याला मात्र एक शब्द बोलता येत नव्हता. तो नुसताच अप्पांचे हात धरून उभा राहिला. मग वसाहत जमली आणि कुणाच्या चुकीला किती गुण पडले यावर वाद सुरू झाला. डॉक्टरांचं म्हणणं, पहिला किडा त्यांचा, तेव्हा सुरुवात त्यांनी करून दिली. शिंपी रुसला, कारण कापडाचा प्रश्नच आला नव्हता. आपलं वाक्य परीक्षेत आल्याचं कळल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मी ते मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. मुलीच्या भल्यासाठी." कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. दिवसच तसा होता.

सगळे गेल्यावर कुजबुज दारात चपला घालत होती. अप्पा चौकटीला टेकून उभे होते.

"बाई असत्या तर," ते म्हणाले, "तुला एवढे वळसे घ्यावे लागले नसते. त्यांनी पहिल्याच दिवशी बोलती केली असती तुला."

हे त्यांनी मुद्दाम म्हटलं की मनापासून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"चूक," कुजबुज म्हणाली.

अप्पांनी वर पाहिलं.

"साफ चूक. मागच्या वर्षी मी बाईंसमोर रोज बसायचे. एक शब्द बोलले नाही. त्या इतकं सगळं बरोबर सांगायच्या की मला बोलायला जागाच नसायची. मला तुम्ही बोलायला लावलंत."

अप्पांना कुणी चूक म्हटलं की ते पुरावा मागत. या वेळी मागितला नाही.

"काय म्हणालीस?" ते म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही."

त्यांचे कान उत्तम होते. आत स्वयंपाकघरात लेक भांडी खाली ठेवून स्तब्ध उभी राहिली. कुजबुजने पायरीवर उभं राहून तेच पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने, आणि समोरच्या दवाखान्याची खिडकी पुन्हा उघडली.